चित्र कुठे अडखळते?

नळाला पाणी आले नाही म्हणून तोटी बदलायला धावणारा माणूस शहापूर तालुक्यात सापडायचा नाही. तानसा आणि भातसा धरणांचे पाणी डोळ्यांदेखत मुंबईकडे जाते, आणि कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे पाणी विहिरीतच आटले, टाकीत अडले, व्हॉल्व्हमध्ये अडले की तोटीत, हे शोधण्याची विद्या आपल्याकडे लहान पोरालाही येते. परंतु गंमत अशी, की हाच माणूस काँप्युटरसमोर बसला म्हणजे ती विद्या साफ विसरतो. पडद्यावरचे चित्र अडखळू लागले, की तो म्हणतो, ‘मशीन जुने झाले, नवे कार्ड टाका.’ आज आपल्याशी बोलायचे आहे ते या अडखळणाऱ्या चित्राविषयी. आणि ते मी एका घरगुती हकिगतीच्या आधाराने बोलणार आहे.

माझ्या थोरल्या भावाचे घर मुरबाड तालुक्यात, सरळगावपासून थोडे आत. त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, काँप्युटर घरीच जोडला. एस.टी.ने कल्याण, तेथून लोकलने मुंबई, आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजारात दोन दिवस हिंडून त्याने एकेक वस्तू गोळा केली. वापरलेला मदरबोर्ड, २०१३ सालच्या पिढीतला इंटेलचा आय-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि कोणीतरी टाकून दिलेला पण धड चालणारा मोठा पडदा. गावात लोक त्याला ‘जोडाजोडीचा काँप्युटर’ म्हणत. म्हणेनात का! तो चालत होता.

आणि तो कामाचा होता. पुतण्याची थोरली बहीण किन्हवलीच्या बाजूला शिक्षिका आहे. दहावीच्या गणिताचे आणि विज्ञानाचे धडे ती फळ्यासमोर उभी राहून आपल्या फोनवर टिपते, आणि शनिवारी कोणी येणारे-जाणारे असले म्हणजे त्याच्या हाती पेन ड्राइव्ह पाठवते. संध्याकाळी भावाच्या पडवीत पंधराएक मुले जमतात आणि धडा पाहतात. आपल्या भागाला ही गोष्ट काही परकी नाही. शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषदेची शाळा २०१० नंतरच्या दशकात ‘डिजिटल शाळा’ म्हणून दूरवर माहीत झाली. पडद्यावरून शिकता येते, हे आपल्या पाड्यांनी तेव्हाच पाहिले आहे.

तर गेल्या चैत्रात हा काँप्युटर बिघडला. बिघडला म्हणजे बंद पडला नाही. बंद पडता तर बरे, असे वाटावे असा बिघडला. शिक्षिकेचा आवाज पुढे जाई आणि चित्र मागे राही. खडू धरलेला हात हवेत थांबे, आणि एकदम उडी मारून तीन ओळी खाली दिसे. समीकरणाची मधली पायरी, जी पाहण्यासाठी मुले बसलेली, तीच नेमकी नाहीशी! पंधराची दहा मुले झाली, दहाची सहा झाली.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, उन्हाळा आहे, यंत्र तापते. दुसरा म्हणाला, संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. तिसऱ्याने पेन ड्राइव्हला नावे ठेवली. एका दुकानदाराने तर काँप्युटर न पाहताच निदान केले, ‘ग्राफिक्स कार्ड टाका, पाच हजारांत काम होईल.’ वहिनींनी आवणीच्या मजुरीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. त्या मला म्हणाल्या, ‘भाऊजी, पोराचं मन मोडायला नको. पण पैसे घातले आणि तरीही चालला नाही तर?’

वाचकहो, वहिनींचा तो प्रश्न हाच खरा तंत्रज्ञाचा प्रश्न होता. उपाय बरोबर आहे की नाही हे ठरवायचे, तर आधी दोष कुठे आहे ते कळले पाहिजे. आणि दोष कळायचा, तर व्हिडिओ म्हणजे काय हे थोडे समजून घेतले पाहिजे.

आपण ज्याला फुल एच.डी. चित्र म्हणतो, त्यात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करून पाहा. एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके झाले. आणि हलते चित्र म्हणजे अशा चित्रांची रांग, सेकंदाला २५, ३०, कधी ६०. इतके सारे जसेच्या तसे साठवायचे म्हटले तर काही मिनिटांतच पेन ड्राइव्ह भरून जाईल. म्हणून ते दाबून, एका विशिष्ट सांकेतिक लिपीत लिहून ठेवतात, आणि दाखवताना काँप्युटर ती लिपी वाचून चित्रे पुन्हा उभी करतो. सेकंदाला ६० चित्रे असतील, तर एक चित्र उभे करायला सेकंदाचा ६० वा भाग मिळतो. तेवढ्यात झाले नाही, तर ते चित्र टाकून द्यावे लागते. टाकून दिलेली चित्रे वाढली, की आपल्याला अडखळ दिसते.

म्हणजे वाट अशी झाली: पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क, तेथून लिपी वाचणारा प्रोसेसर, आणि शेवटी पडदा. पाण्याच्या वाटेसारखीच ही वाट. आता एकेक व्हॉल्व्ह तपासत जायचे. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर कशाने आला ते कधीच कळत नाही.

आम्ही पहिल्यांदा पेन ड्राइव्ह पाहिला. धडा हार्ड डिस्कवर उतरवून घेतला आणि तेथून लावला. अडखळ तशीच. हिशेब केला असता तरी हे कळले असते. त्या धड्याचे एक मिनिट सुमारे ९० एमबीचे, म्हणजे सेकंदाला दीड एमबी. एवढे तर साधा पेन ड्राइव्हही सहज देतो. पेन ड्राइव्ह सुटला.

मग वीज. दाब फार उतरला, तर काँप्युटर फट्‌दिशी बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. चालू राहून नुसते चित्र अडखळणे, हे सहसा विजेचे लक्षण नव्हे. शिवाय भर दुपारी, दिवे लख्ख असतानाही अडखळ होतीच. वीजही सुटली.

इंटरनेटचा तर प्रश्नच नव्हता. पण आपल्याकडे असला, तर खूण लक्षात ठेवा. चित्र पूर्ण थांबून मधे चक्र फिरत राहिले, तर बहुधा जाळे मंद आहे. चक्र नाही, आवाज नीट आहे, आणि चित्र मात्र धक्के खाते, तर दोष बहुधा आपल्या घरात आहे.

आता उष्णता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यात दिसले, की धडा चालू असता प्रोसेसर शंभर टक्के कामात आहे. बाजूचे झाकण उघडले तर आत काय? प्रोसेसरवरच्या पंख्याखाली तांबड्या धुळीची गादी! प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या घरात गेला, की जळू नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. वैशाखात दुपारी औत सोडून बैल सावलीला बांधावा, तसाच हा प्रकार. वीज तोडून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ ब्रशाने धूळ काढली. प्रोसेसर आणि त्याचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये जो लेप असतो, तो वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावला.

काँप्युटर लावला, आणि काय सांगू, धडा पुष्कळ सुधारला! पुतण्याने टाळी वाजवली. पण पाच मिनिटांनी शिक्षिकेने फळा पुसायला हात जोरात फिरवला, आणि चित्र पुन्हा अडखळले. अर्धे यश फार फसवे असते. आपण थांबतो तरी, नाहीतर ‘आता उरलेले अर्धे नव्या कार्डाने होईल’ असे म्हणून पैसे काढतो. पुतण्या तेच म्हणू लागला होता.

तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, ‘काका, दिवाळीतला धडा लावा ना. तो नाय अडकत.’

आम्ही लावला. तोच काँप्युटर, तोच पडदा, तीच शिक्षिका, तोच फळा. चित्र लोण्यासारखे सरकत होते! प्रोसेसर जेमतेम वीस टक्के कामात. म्हणजे यंत्र दोषी नाही. दोन धड्यांत काहीतरी फरक आहे.

तो फरक पाहायला फुकट मिळणारा व्हीएलसी हा प्लेअर पुरतो. व्हिडिओ चालू असता कंट्रोल धरून जे ही कळ दाबली, की तो कोणत्या लिपीत आहे आणि सेकंदाला किती चित्रे आहेत ते दिसते. शेजारच्याच पानावर किती चित्रे गळाली तेही कळते. जुना धडा होता एच.२६४ या लिपीत, सेकंदाला ३० चित्रे. नवा होता एच.२६५ लिपीत, सेकंदाला ६०. मी पुतणीला फोन लावला. ‘अगं, धडे टिपण्यात काही बदल केलास का?’ ती म्हणाली, ‘नाही हो काका. फक्त पाडव्याला फोन नवा घेतला.’

बघा! पाडव्याला फोन बदलला, आणि पाडव्यालाच ऊन तापू लागले. दोन कारणे एका दिवशी घरात शिरली, आणि आम्ही एकालाच धरून बसलो होतो.

लिपीची गोष्ट आपल्याला मोडीवरून पटकन कळेल. जमिनीचे जुने कागद मोडीत असतात. मोडी जाणणारा कारकून ते घडाघड वाचतो. न जाणणारा हुशार माणूसही तक्ता समोर ठेवून अक्षर अक्षर लावतो, घाम गाळतो, आणि तरी मागे पडतो. एच.२६४ ही लिपी २००३ साली ठरली, आणि ती वाचणारा खास कारकून आमच्या २०१३ च्या प्रोसेसरमध्ये बसवलेला आहे. एच.२६५ ठरली २०१३ साली. तेवढ्याच दर्जाचे चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते, म्हणून नवे फोन ती वापरतात. पण तिचा कारकून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आला तो २०१५ च्या सहाव्या पिढीपासून. आमचा बिचारा प्रोसेसर तक्ता समोर ठेवून वाचत होता, आणि तेही दुप्पट चित्रे! त्यानेच तो इतका तापत होता. धूळ हा दोष होताच, पण धूळ काढून श्रम कमी होत नव्हते.

उपायाला एक पैसा लागला नाही. पुतणीने फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘हाय एफिशियन्सी’ बंद केले आणि ६० चे ३० केले. आधीचे अकरा धडे हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने एच.२६४ मध्ये उतरवून घेतले. एकेका धड्याला धड्याच्या लांबीहून जास्त वेळ लागला, तेव्हा रात्री लावून झोपायचे आणि सकाळी पाहायचे. चार रात्रींत काम झाले.

आणि ते पाच हजारांचे कार्ड? स्वस्तात मिळणारी पुष्कळ जुनी कार्डे एच.२६५ वाचतच नाहीत. तसले घेतले असते, तर पैसे गेले असते आणि अडखळ राहिली असती. कार्ड घ्यायचेच झाले, तर ते कोणत्या लिप्या वाचते हे आधी विचारा. आणि ते बसवल्यावर पडद्याची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा. घरी जोडणाऱ्यांची ही चूक फार होते. रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या असतील, तर त्या मदरबोर्डावर सांगितलेल्या जोडीच्या खाचांत बसवा. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. इंटरनेटवरचा व्हिडिओ अडखळत असेल, तर १०८० ऐवजी ७२० निवडून पाहा. त्याने चालला, तर दोष कुठल्या बाजूला आहे याचा निम्मा शोध लागला.

या साऱ्यातून मी एक गोष्ट शिकलो, तेवढी सांगतो. पहिला प्रश्न ‘काय बदलू?’ हा नव्हे. ‘कधीपासून होते, आणि कशावर होत नाही?’ हा आहे. यातला दुसरा प्रश्न आम्हा मोठ्यांना सुचला नाही. तो मागच्या ओळीतल्या मुलीला सुचला, कारण तिला यंत्राशी कर्तव्य नव्हते, तिला ती मधली पायरी पाहायची होती.

आषाढात आवणी झाली, वहिनींच्या पैशांतून मजुरी वेळेवर दिली गेली. त्या दिवसांत मुले धड्याला कमीच येतात, ती खाचरात असतात. पण आवणी उरकल्यावर पडवी पुन्हा भरली. पुतण्याने काँप्युटरच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर धूळ काढल्याची तारीख आहे, आणि खाली लिहिले आहे, ‘ताईने फोन बदलला तर आधी विचारणे.’