गामिनी आणि संजीवनी
(पेण-रोहे विभागाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी मी कबड्डीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु भाताची कापणी उरकली की आपल्या जिल्ह्यातील मोकळ्या शेतांत कबड्डीची मैदाने आखली जातात, हे आपणांस सांगावयास नको. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्याचे प्रात्यक्षिक दाखविले व १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत ज्याला स्थान मिळाले, तोच हा आपल्या मातीतला खेळ.

माझ्या थोरल्या बहिणीचा नातू यंदा आपल्या महाविद्यालयाच्या संघात होता, म्हणून त्या संघाचा हंगाम मी जवळून पाहिला. पावसाळ्यात मैदानात चिखल. मुले देवळाच्या सभामंडपात दम टिकविण्याचा सराव करीत. सवय मातीवर अनवाणी खेळण्याची, आणि सामने मात्र मॅटवर, बूट घालून! पहिला सामना दोन गुणांनी जिंकला, दुसरा चार गुणांनी हरला. हंगाम आटोपला.

परंतु त्या पराभवात मी जे पाहिले, ते विसरणे शक्य नाही. सहा गडी बाद होऊन एकटाच उरला होता. बारावीत नापास होऊन, पुन्हा परीक्षा देऊन आलेला तो मुलगा. त्याने चढाई करणाऱ्याची एकट्याने पकड केली आणि एक सोबती आत आला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटची शिट्टी झाली तेव्हा सातही गडी मैदानात उभे होते.

पूर्वी या खेळाचे संजीवनी, गामिनी व अमर असे प्रकार असत. गामिनीत बाद झालेला गडी, सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत सोबत्याने गुण मिळविला की तो पुन्हा जिवंत होई. आजचा खेळ संजीवनीच्या वळणाचा आहे. आपण मात्र आपल्या मुलांशी गामिनी खेळतो.

हा दोष प्रथम माझा. पंचवीस वर्षांपूर्वी दहावीत नापास झालेल्या एका विद्यार्थ्यास मी भर वर्गात म्हणालो, "जा, हुतूतू खेळत बैस." तो पुन्हा शाळेत आला नाही. आज तो धाटावच्या कारखान्यात काम करतो आणि पाळी सुटल्यावर याच संघास विनामोबदला शिकवितो. सामन्यानंतर त्याने मला वाकून नमस्कार केला. माझ्याने मान वर करवली नाही.

आपला गुणगौरव केवळ पहिल्या क्रमांकांचा असतो. माझी विनंती इतकीच, की पुढील वर्षापासून दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींनाही याच व्यासपीठावर बोलवावे. पहिल्या बक्षिसाकरिता माझ्या निवृत्तिवेतनातून एक हजार रुपये मी कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे.

बाहेर बसलेल्यांना आत घेणे, हेच ज्ञातिसंस्थेचे काम होय.