परसातील आजारी कोंबडी
(मोहने येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



ग्रामविकासाच्या चर्चेत धरणे, रस्ते व कारखाने यांना अग्रस्थान मिळते. परसातील कोंबडीचा उल्लेख क्वचितच होतो. परंतु अनेक घरांत अंड्यांचे पैसे हेच गृहिणीच्या हाती राहणारे स्वतःचे उत्पन्न असते. मुलांच्या वह्या-पेन्सिली त्यातून येतात. म्हणूनच एखादी कोंबडी पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली की घरात प्रश्न उभा राहतो : औषधपाणी करावे, विकून टाकावी, की कापून मोकळे व्हावे?

पहिले काम एकच. तिला तत्काळ इतर कोंबड्यांपासून वेगळे करावे. डालग्याखाली कोरडा पेंढा अंथरून तिला उबदार, निवांत जागी ठेवावे. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. आजारात ही ऊब टिकविणे तिला जड जाते. मोहने हे उल्हास नदीकाठचे गाव. येथील पावसाळ्यात खुराड्यातील ओल हीच निम्म्या दुखण्यांची जननी ठरते, हे आपण जाणताच.

त्यानंतर पाणी. उकळून गार केलेल्या पाण्यात थोडा गूळ व चिमूटभर मीठ घालून ते चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने लावावे. चोच उघडून घशात ओतू नये. पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी दगावते. ती पाणी पिऊ लागली म्हणजे मऊ भात अथवा भिजविलेल्या कण्या द्याव्यात.

मग तिची नीट तपासणी करावी. पंखांखाली उवा किंवा गोचिडी आहेत काय? विष्ठेत रक्त आहे काय? अंडे अडकले आहे काय? उपासमार, ओल, जंत किंवा गोचिडी यांनी खंगलेली कोंबडी अशा शुश्रूषेने व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुष्कळदा बरी होते. मात्र माणसांसाठी आणलेल्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. औषधाचा अंश अंड्यांत उतरतो.

परंतु सर्वच दुखणी शुश्रूषेने हटत नाहीत. हिरवट पातळ विष्ठा, घरघर व मान पिळवटणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे होत. कुमाऊँमधील राणीखेत येथे आपल्या देशात नोंदला गेलेला हा रोग विषाणूजन्य असून त्यावर औषध नाही; लस आहे. पिलू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि सुमारे आठ आठवड्यांनी टोचणी, एवढ्याने संपूर्ण कळप वाचू शकतो.

खरी कसोटी येथेच लागते. कोंबडी मरणार असे दिसताच ती बाजारात नेण्याचा मोह होतो. गरिबाचा तो मोह समजण्यासारखा आहे. परंतु त्या एका कोंबडीबरोबर रोगही शेजारच्या गावात पोहोचतो. २००६ साली नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोलीत निघाला. अशा साथीत नुकसानभरपाई मिळते ती शासकीय आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नव्हे. खबर दडविणारा स्वतःचेही नुकसान करून घेतो.

यास्तव एकाच वेळी अनेक कोंबड्या दगावल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. त्यांची विल्हेवाट दवाखान्याच्या सूचनेप्रमाणे खोल खड्ड्यात, चुना टाकून करावी. नदीत तर कदापि टाकू नये. उल्हासचे पाणी अनेक शहरे पितात.

शिक्षकांनी ही माहिती मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावी. पंचायत सदस्यांनी लसीकरणाचा दिवस ठरवून दवंडी पिटवावी. अधिकाऱ्यांनी खबर देणाऱ्यास गुन्हेगारासारखे वागवू नये. त्याने गावाचे रक्षण केलेले असते.

बरी झालेली कोंबडीही किमान दोन आठवडे वेगळीच ठेवावी आणि पशुवैद्यकाने संमती दिल्यावरच कळपात सोडावी. एका कोंबडीची शुश्रूषा हे घरचे काम खरे. पण तिच्या आजाराची खबर देणे हे गावाचे काम आहे. ही दोन्ही कामे आपण मनावर घ्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.