फ्रीज रात्री का गुरगुरतो?

मंडळी, आपल्या गावात आता बऱ्याच घरी फ्रीज आला आहे. दुकानदार तो घरात ठेवून जातो. पण तो रात्री आवाज का करतो, हे कुणी सांगत नाही.

एका घरच्या आजी रोज झोपताना फ्रीजचे बटण बंद करीत. "मेला रात्रभर गुरगुरतो," म्हणत. त्याच फ्रीजमध्ये नातवाचे इन्सुलिन होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांच्या गारव्यात ठेवावे लागते. गारवा वरचेवर गेला तर औषधाचा गुण कमी होतो. बाटली मात्र वरून तशीच दिसते! म्हणून हे आवाज ओळखता यायला हवेत.

आपला माठ पाहा. पाणी झिरपते आणि वाऱ्यावर सुकते. सुकताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. फ्रीजच्या नळ्यांतही असेच होते. तिथे एका पातळ पदार्थाची वाफ होते आणि ती आतली उष्णता घेते. माठाची वाफ उडून जाते, ही उडू द्यायची नसते. म्हणून मागे खाली एक काळे यंत्र बसवलेले असते. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. तो ती वाफ दाबतो. सायकलीत हवा भरताना पंप तापतो ना? तशीच ही वाफ तापते. मग बाहेरच्या बाजूच्या नळ्यांत ती निवते आणि पुन्हा पातळ होते.

घूं घूं आवाज येतो तो या कॉम्प्रेसरचा. गारवा पुरेसा झाला की टक् आवाज होतो आणि तो थांबतो. थांबल्यावरही बुडबुड ऐकू येते. नळ्यांतला पदार्थ अजून वाहत असतो. कुठे काही गळत नाही. मध्येच कडक् वाजते, तेव्हा आतले प्लास्टिक गारव्याने आकसलेले असते. उन्हात पत्र्याचे छप्पर वाजते, तसेच हे. यात भूत नाही हो!

खडखड होत असेल तर फ्रीज डुगडुगतो का, ते बघा. सारवलेल्या जमिनीवर तो डुगडुगणारच. खाली सपाट फरशी घाला. भिंतीपासून थोडा दूर ठेवा. वरचे डबे काढा.

भ्यावे असा आवाज वेगळा. टक् होते, क्षणभर घूं होते, लगेच पुन्हा टक्. फ्रीज काही चालू होत नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आपल्याकडे बहुधा विजेचा दाब कमी असतो म्हणून असे होते. बटण बंद करा, पिन काढा. वीज नीट आली तरी पाच मिनिटे थांबा, मग लावा. नळ्यांतला दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो.

तरीही तेच झाले तर मेकॅनिकला बोलवा. त्याला नुसते "आवाज येतो" म्हणू नका. कसला आवाज, किती वेळाने, ते सांगा. तोवर इन्सुलिन शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. एकदा गोठले की ते फेकूनच द्यावे लागते.