आमदाराची जीभ कुणाच्या मालकीची?
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला एका आमदारावर बोलायचंय. आमदार म्हटल्यावर मागच्या रांगेतली पोरं हसली, ते मी बघितलं. हसा. जयंतीला स्टेजवर चढायचं, हार घालायचा, फोटो काढला की गाडीत बसून पसार, हा आमदार आपण रोज बघतो. मी सांगतोय तो इथला नाय. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा. नाव ज्युलियन बाँड. काळा माणूस. निवडून आला तेव्हा वय पंचवीस, म्हणजे इथं बसलेल्या निम्म्या पोरांएवढं.

त्याच्याआधी पँथरचं सांगतो. आपण भिंतीवर पँथर रंगवतो, छातीवर बिल्ला लावतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ऑक्लंडच्या ब्लॅक पँथरकडे बघून, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ऑक्लंडवाल्यांनी ऑक्टोबर १९६६मध्ये पक्ष काढला त्याच्याआधी हा पँथर अलाबामातल्या लाउन्ड्स काउंटीत होता. कुठं? मतपत्रिकेवर! निवडणुकीचं चिन्ह होतं ते. पुष्कळ मतदारांना वाचता येत नव्हतं म्हणून पक्षाला चिन्ह लागायचं. तिथल्या डेमोक्रॅट पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि सोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा, उघड छापलेली. त्या कोंबड्यासमोर काळ्या शेतकरी-मजुरांनी काळा पँथर उभा केला. नोव्हेंबर १९६६ला त्यांचे उमेदवार पडले. पँथर राहिला.

या मजुरांच्या पाठीशी उभी होती ‘स्निक’, म्हणजे काळ्या विद्यार्थ्यांची समन्वय समिती. ज्युलियन बाँड तिचा प्रसिद्धिप्रमुख.

बाप मोठा विद्वान, कॉलेजचा अध्यक्ष. पोरगा अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजात. कविता लिहायचा, मित्रांबरोबर एक साहित्याचं मासिकही काढलं. (लिटल मॅगवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाय.) १९६० साली फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या कँटीनमध्ये जाऊन बसला आणि अटक झाली. त्याच वर्षी स्निक निघाली. डिग्री अर्धी टाकून हा तिच्यात पूर्णवेळ घुसला. ती डिग्री त्याने १९७१ला घेतली.

आता तो निवडणुकीला का उभा राहिला? स्निकची पोरं मिसिसिपी-अलाबामात दारोदार फिरून काळ्यांची नावं मतदारयादीत घालत होती. त्यासाठी मार खात होती, मरत होती. नाव यादीत गेलं, पण मत द्यायचं कुणाला? पुन्हा त्याच कोंबड्याला? कोर्टाच्या हुकुमाने जॉर्जियातले मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि अटलांटात १३६ नंबरचा मतदारसंघ निघाला. साडेसहा हजार मतदार, त्यातले सहा हजारांच्या आसपास काळे. जून १९६५ला बाँड उभा राहिला. घरोघर जाऊन विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? त्यातून मागणी आली तासाला किमान दोन डॉलर मजुरीची. तेव्हा देशाचा कायदा सव्वा डॉलरवर होता. पाळीवर राबणाऱ्याला ह्या पाऊण डॉलरचा अर्थ सांगावा लागत नाय. २,३२० विरुद्ध ४८७ मतांनी निवडून आला.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरी परीक्षा पुढं.

३ जानेवारी १९६६. अलाबामात टस्कीगीला सॅमी यंग नावाचा स्निकचा पोरगा पेट्रोल पंपावर गोऱ्यांच्या संडासावरून झालेल्या भांडणात गोळी घालून मारला. नौदलात नोकरी करून आलेला पोरगा! तीन दिवसांनी स्निकने पत्रक काढलं : इथं आम्हाला संरक्षण नाय, आणि व्हिएतनामात स्वातंत्र्याच्या नावाने मरायला आम्हीच? युद्धाला विरोध. पत्रक बाँडने लिहिलेलं नव्हतं. रेडिओवाल्याने विचारलं, तुमचा पाठिंबा आहे का? आता सांगा, चार दिवसांनी शपथविधी आहे, आपला माणूस काय म्हणाला असता? “अभ्यास करून सांगतो.” बाँड म्हणाला, आहे.

१० जानेवारीला सभागृहात गेला. बाकीच्या काळ्या आमदारांना शपथ दिली, त्याला बाजूला ठेवलं. माफी मागितली नाय, शब्द गिळला नाय. मतदान झालं. १८४ विरुद्ध १२. बाहेर! आणि तो डेमोक्रॅट पक्षाचाच होता, बाहेर काढणाऱ्यांत त्याच पक्षाची गर्दी. जॉर्जियाला ही सवय जुनी. १८६८ला पण गुलामगिरीतून सुटलेल्यांचे आमदार असेच घराबाहेर काढले होते, हेन्री मॅकनील टर्नरसारखा माणूस त्यांच्यात होता.

जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली. लोकांनी परत त्यालाच पाठवला, बिनविरोध. परत नाकारला. नोव्हेंबरात तिसऱ्यांदा निवडून दिला. मार्टिन ल्युथर किंग त्याच मतदारसंघातला मतदार. त्याने मोर्चा काढला आणि मतदार म्हणून कोर्टातही गेला. ५ डिसेंबर १९६६ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला : साध्या नागरिकाला जे बोलता येतं ते आमदाराला बोलता येणार नाय, असं चालणार नाय. जानेवारी १९६७ला शपथ घेतली.

मित्रांनो, बाँड शूर होता, कबूल. पण त्याला शूर राहता का आलं? ते सहा हजार मतदार! त्याला परत पाठवायचं की नाय हे त्याच्या माणसांच्या हातात होतं. बाबासाहेब गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागत होते तो ह्यासाठी. ऑगस्ट १९३२ला ते मिळाले, गांधींनी उपोषण मांडलं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतांतल्या राखीव जागा ७१च्या १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त. खुर्च्या वाढल्या आणि खुर्चीची दोरी दुसऱ्याच्या हातात गेली.

आज महाराष्ट्र विधानसभेत २८८पैकी २९ जागा अनुसूचित जातींना राखीव. तिकीट पक्ष देणार. गावातलं बहुसंख्य मत सवर्णांचं. अत्याचार झाला की तोच आमदार पीडिताच्या घरी रात्री येतो आणि सकाळी पाटलाच्या ओट्यावर चहा पितो. त्यात १९८५चा पक्षांतरबंदी कायदा, व्हिपविरुद्ध मत दिलंस तर आमदारकी जाऊ शकते. जॉर्जियाने बाँडला दारात अडवला. आपल्याला दारात कोण अडवत नाय, आत घेतात आणि मग तोंड बांधतात.

बाँड देव नव्हता. वीस वर्षं विधिमंडळात काढली, १९८६ला काँग्रेसच्या जागेसाठी जुना जिगरी दोस्त जॉन लुईस याच्याविरुद्ध उभा राहिला आणि पडला. दोघेही स्निकचे. रिपब्लिकन गटबाजी बघितलेल्यांना ही कथा नवीन वाटणार नाय. आणि १९७४ला पँथरने मध्य मुंबईतल्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार घातला, तो चुकला असं मी म्हणत नाय. मत न देणं हेसुद्धा तेव्हा बोलणंच होतं, वरळीने त्याची किंमत मोजलीय.

तेव्हा पुढल्या खेपेला कुणी वस्तीत हात जोडत आला, तर त्याचं शिक्षण, त्याची संस्था, त्याचा सत्काराचा अल्बम बाजूला ठेवा. मी त्याला विचारणार, तिकीट घेताना काय बोलायचं नाय म्हणून ठरलंय? आणि तुला बाहेर काढला, तर परत आमच्याकडे येशील की त्यांच्याकडे जाशील? तिसरा प्रश्न तुम्ही काढा, आत्ता चहाच्या वेळात.

जयभीम.