दोडक्याचा मांडव आणि सहा महिन्यांचं औषध

(विहाराच्या वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात महिला मंडळातर्फे केलेले भाषण)



समितीने मला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काही डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली आणि निवृत्त झाले. म्हणून पुस्तकातलं थोडं आणि आपल्या हर्सूलमध्ये घडलेलं जास्त, असं सांगणार आहे. जिच्याबद्दल सांगणार आहे ती बाई आज इथंच बसलेली आहे. तिची परवानगी घेतली आहे. पण कोण ते माना वळवून शोधू नका. आपण तिला नुसतं आक्का म्हणू.

आपल्याला ठाऊक आहे की आपल्यापैकी बऱ्याच जणींना परसबागेचा नाद आहे. घरामागे दहा बाय बाराची जागा, नाहीतर गच्चीवर फुटके डबे आणि सिमेंटची पोती. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचे दिवस आपण काढले. त्या दिवसांतही भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरून आम्ही मिरच्या जगवल्या. रविवारी वंदना झाली की पायरीवर बसून बियांच्या पुड्यांची देवघेव व्हायची. कुणाकडे गवार, कुणाकडे आंबाडी, कुणाकडे वाल. आम्ही पाच जणी होतो आणि आक्का आमची गुरू. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण पान बघून ती सांगायची की बाई, हे तहानलेलं नाही, ह्याला पाणी जास्त झालंय.

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस पडला तेव्हा आक्काने दोडका, भेंडी आणि वाल लावला. खोकत होती, पण सर्दी असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दोन आठवडे झाले, तीन झाले. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, अंगावरचं मांस उतरत चाललं. शेवटी मुलीने घाटीत नेलं, थुंकी तपासली आणि क्षयरोग निघाला. टीबी.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते. बातमी कळल्यावर मी तिच्या घरी गेले नाही. घरात नातू लहान आहे, अशी मनाची समजूत घातली. भाजीची पिशवी, बियांची पुडी, सगळं गेटला अडकवून यायची. आवाज द्यायची आणि परत फिरायची. असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "तुझी पुडी मिळाली गं. पन पुडीसंगं बोलता येत नाही ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी आरोग्य केंद्रात गेले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं की मी तिच्याकडे जाऊ का नको. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही नीट ऐका. हा रोग खोकल्यातून, शिंकेतून हवेवाटे पसरतो. ताटवाटीतून नाही, कपड्यातून नाही, हात हातात घेतल्याने नाही, आणि तिने लावलेल्या भाजीतून तर मुळीच नाही. बंद खोलीत धोका जास्त, मोकळ्या हवेत कमी. योग्य औषध रोज सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती खूपच उतरते. रुग्णाने तोंडाला मास्क लावावा, थुंकी झाकणाच्या डब्यात धरावी. घरातल्या माणसांनी, लहान लेकरांनी तर आधी, तपासणी करून घ्यावी. एवढं पाळलं तर भेटायला जायला काही हरकत नाही.

भगिनींनो, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचं २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. एवढी वर्षं झाली जगाला कळून की हा जंतूचा आजार आहे, शाप नाही, पाप नाही. आणि मी शिकलेली बाई गेटला पिशवी अडकवत होते.

त्या दिवशी संध्याकाळी गेले. आक्का परसात खाटेवर बसली होती, तोंडाला मास्क. वाळून काटकी झालेली. बोलली काय? "दोडक्याला काठी दे आधी. वेल जमिनीवर लोळतोय."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी जायला लागले. एखाद्या दिवशी जमलं नाही तर फोन. बाकीच्या तिघींनीही वार वाटून घेतले. बांबू आणून मांडव केला. ती खाटेवरून सांगायची आणि आम्ही करायचो. भेंडीवर मावा पडला तेव्हा तिने निंबोळीचा अर्क करायला लावला. पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, साबणाचं थोडं पाणी टाकायचं आणि फवारायचं. पाच टक्के अर्क म्हणतात तो हाच.

मांडवाला पिवळी फुलं आली आणि गळायला लागली. मी घाबरले. आक्का हसली. म्हणाली, आधी नर फुलं येतात, ती गळणारच. ज्या फुलाच्या मागं बोटाएवढा दोडका दिसतो ती मादी. गिलक्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. पावसाची झड असली की पाखरं फिरकत नाहीत. मग आपणच नर फूल तोडून मादी फुलाला टेकवायचं. तिचे हात मांडवापर्यंत उचलत नव्हते. म्हणून सहा वाजता मी स्टुलावर चढायची आणि ती खालून सांगायची, "हे नाही, त्याच्या डाव्या अंगचं." पहिला दोडका निघाला तो तिने मला दिला. खरं सांगते, पिशवीत टाकताना एक क्षणभर मन कचरलं. मग घरी जाऊन त्याची भाजी केली आणि सगळ्यांनी खाल्ली. शिरांची चटणीसुद्धा केली.

आता आजाराकडे येते. साध्या क्षयाचं औषध सहा महिन्यांचं असतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या वजनाप्रमाणे ठरवून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एका औषधाने लघवी लालसर-केशरी होते, त्याला घाबरायचं नाही. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, दिसायला कमी झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं. आपल्या मनाने औषध तोडायचं नाही.

आक्काने भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा ठेवल्या होत्या. झाडांना फवारणी केली, खत घातलं की फुली. गोळ्या घेतल्या की टिंब. तिसरा महिना लागला. खोकला गेला होता, चार किलो वजन वाढलं होतं, भूक लागत होती. आम्ही सगळ्या खूश. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी पंचमीची तारीख बघायला मी कॅलेंडरजवळ गेले. फुल्या जागच्या जागी होत्या. टिंबं मात्र अकरा दिवसांपासून नव्हती.

मी विचारलं. आधी म्हणाली विसरले. मग म्हणाली मळमळतं. मग रडायला लागली. मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. औषधाची पाकिटं, दवाखान्याचं कार्ड, विचारपूस करायला घरी येणारी आरोग्य सेविका, काही त्यांच्या नजरेला पडायला नको. म्हणून सगळं पेटीत घातलं होतं. "आता बरी हाय ना मी," म्हणाली. "पोरीचं जमू दे, मग घेते."

मी चिडले. म्हटलं, "मांडवाला फुलं दिसली म्हणून पाणी तोडतेस का तू?"

ती म्हणाली, "ते येगळं."

"कसं काय वेगळं?"

ती गप्प बसली. बराच वेळ दोघीही गप्प होतो. मग म्हणाली, "सकाळी येशील का माझ्यासंगं?"

सकाळी दोघी गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की दोन महिन्यांत बरेच जंतू मरतात म्हणून माणसाला बरं वाटतं, पण चिवट जंतू दडून राहतात. औषध अर्धवट सोडलं तर तेच वाढतात, मग त्यांच्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत आणि उपचार लांबतो, अवघड होतो. पुन्हा थुंकी तपासली. सुदैवाने तसं काही निघालं नाही. बुडालेले दिवस पुढे भरून काढायचे ठरले. मळमळीसाठी गोळ्यांची वेळ कशी ठेवायची तेही सांगितलं.

पाहुणे आले त्या दिवशी आक्काने स्वतःच सांगितलं की मला टीबी झाला होता, औषध चालू आहे, पोरीची तपासणी केली आहे, ती निरोगी आहे. ती सोयरीक जमली नाही. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आक्काला फार लागलं ते. चार दिवस ती परसात आली नाही. मी रोज जाऊन मांडवाखाली बसायची, दोडके तोडायची आणि ओट्यावर ठेवायची. पाचव्या दिवशी बाहेर आली आणि म्हणाली, "वाल फुलावर आलाय, बघितलास का?"

भगवान बुद्धांची एक गोष्ट विनयपिटकातल्या महावग्गात आहे. बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात घेतली आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला. कुणी त्याच्याकडे बघेना, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवलं. मग संघाला सांगितलं की इथं तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार?

त्याच ठिकाणी चांगल्या रोग्याचे पाच गुण आणि चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. रोग्याने पथ्य पाळावं, त्यात प्रमाण ठेवावं, औषध घ्यावं, आजार वाढला की कमी झाला हे आहे तसं सांगावं आणि दुखणं सोसावं. शुश्रूषा करणाऱ्याला औषध देता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने करावं, मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलायची किळस करू नये आणि धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर द्यावा. हे आक्काला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मी दोनात नापास झाले. औषध सोडलं आन् खोटं बोलले." मी म्हटलं, मी थुंकीच्या गुणातच नापास झाले, तेही पहिल्याच दिवशी.

माई सावित्रीबाईंचं १८५६ सालचं एक पत्र आहे. त्या आजारपणात माहेरी नायगावला होत्या आणि तिथून जोतीरावांना लिहीत होत्या. स्वतःच्या तब्येतीपेक्षा मागं शाळेचं ओझं एकट्या फातिमाबाईंवर पडलं याची त्यांना काळजी. आजारी माणसाला नुसतं पथ्यपाणी पुरत नाही. आपल्यामागे आपलं काम कुणीतरी करतंय, आणि त्यात आपल्याला अजून विचारतंय, हे त्याला लागतं. आक्काचा मांडव आम्ही सांभाळला, पण तिला विचारून सांभाळला. म्हणून ती रोज सहाची वाट बघायची.

दोडका नोव्हेंबरात वाळला. वाल थंडीत भरभरून आला. जानेवारीत तिचं औषध पूर्ण झालं, तपासणी झाली आणि डॉक्टरांनी बरी झाल्याचं सांगितलं. मुलगी आता नर्सिंग शिकते आहे.

शेवटी विहार समितीपुढे तीन गोष्टी मांडते. पहिली, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर त्या माणसाला आपल्यापैकी कुणीतरी सोबत करून तपासणीला न्यावं. दुसरी, टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकार निक्षय पोषण योजनेतून पैसे देतं. एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते बँक खात्यात येतात. कागदपत्रं करायला ज्यांना जमत नाही त्यांना आपल्या पोरांनी मदत करावी. सप्टेंबर २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून रुग्णाच्या पोषणाची जबाबदारीही कुणाला घेता येते. आपल्या मंडळाने ती घ्यावी. तिसरी, ज्या घरात औषध चालू आहे तिथं रोज एकाने जावं किंवा फोन करावा, आणि जाईल त्याने कॅलेंडर बघावं.

दाराजवळच्या टोपलीत पुड्या ठेवल्या आहेत. आक्काने मांडवावरच एक दोडका वाळू दिला होता, त्याचं हे बी आहे. घेऊन जा आणि पुढच्या मृगाला लावा. फुलं संध्याकाळी उमलतात, लक्षात ठेवा.

काही चुकलं असेल तर क्षमा करावी. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जयभीम!