खण: घाटमाथ्यावरच्या घराचं माप



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल परिषदेचे आभार मानतो आणि थेट एका शब्दाकडे वळतो: ‘पक्कं’. २०११च्या जनगणनेत घराची भिंत कशाची, या प्रश्नाखाली गवत, पेंढा आणि बांबू यांना मिळून एकच रकाना होता. पत्र्याच्या भिंती मात्र कायमस्वरूपी साहित्यात गणल्या गेल्या. म्हणजे चार पत्रे ठोकून उभी केलेली खोली पक्की आणि कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, दर उन्हाळ्यात डागडुजी होणारं घर कच्चं. हे माप पुढे योजनांत आणि लोकांच्या मनातही रुजलं. माझं म्हणणं एवढंच, की सह्याद्रीच्या पावसाळी रानातल्या वस्त्यांसाठी हे माप चुकीचं आहे आणि योग्य माप आपल्या सुतारांकडे आधीपासून आहे.

आपल्याच जिल्ह्याचा पश्चिम भाग पाहा. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. राधानगरीचं जंगल २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि घाटमाथ्यावरच्या रानात धनगरवाडे विखुरलेले आहेत. जिथे टेम्पो पोचत नाही, तिथे ५० किलोची सिमेंटची गोणी, वाळू, खडी, सळई सगळं डोक्यावरून न्यावं लागतं. कोरड्या महिन्यांतच काम उरकायचं आणि नेमकं तेव्हाच झऱ्याला पाणी कमी असताना काँक्रीटवर पाणी मारत बसायचं. एवढं करून स्लॅब पडला, की दोन-चार पावसाळ्यांत तो पाझरू लागतो आणि त्यावर पत्र्याचं उतरतं शेड चढतं. घाटाखालच्या गावांतही हे दृश्य नवं नाही. शेवटी घर वाचवायला उतरतं छप्परच लागतं, तर सुरुवात तिथूनच का करू नये?

सुटे भाग आधी तयार करून जागेवर जोडायची पद्धत परदेशातून आली, असा आपला समज आहे. पण मराठी माणूस घर मोजत आला तो खणांनी. दोन खणी, पाच खणी घर म्हणजे ठरावीक अंतरावरच्या खांबांचा, तुळयांचा तोच साचा पुन्हा पुन्हा. कुटुंब वाढलं की खण वाढवायचा. कुसू खाचेत बसवून जोडलेला सांगाडा सोडवून दुसरीकडे उभाही करता येतो. याच खणाला आज प्रक्रिया केलेल्या बांबूसारखं नवं साहित्य आणि नेमकेपणा हवा. शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्न तयार करणाऱ्या कारागिरांच्या हातात मिलिमीटरची शिस्त आहे. त्यांनी सांध्यांचे साचे केले, तर कार्यशाळेत घडवलेला खण दोन माणसांच्या खांद्यावरून वाडीवर जाईल आणि जांभ्याच्या जोत्यावर चढेल.

पहिला आक्षेप जंगलाचा. घरांसाठी रान तोडायचं का? नाही. ऐन, किंजळ वाढायला दशकं लागतात. बांबूची काठी तीन-चार वर्षांत पक्व होते आणि बेट शाबूत राहतं. बांधावरचा माणगा बांबू त्यासाठीच आहे. २०१७च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला, तर २००६च्या वनहक्क कायद्याने रानातला बांबू गौण वनोपजात धरला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११मध्ये त्यावरचा हक्क प्रत्यक्षात आणला.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो रास्त आहे. काठीतल्या पिष्टामुळे भुंगा लागतो, जमिनीला टेकली की वाळवी लागते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेली काठी भुंग्याला दाद देत नाही. पण हे क्षार पावसाच्या माऱ्याने धुऊन जातात. म्हणून प्रक्रिया केलेल्या बांबूलाही उंच जोतं आणि लांब पाखं लागतातच. इरल्याखाली माणूस कोरडा राहतो, तसं घर राहिलं पाहिजे. आगीचा धोका मात्र नाकारता येत नाही. चुलीचा खण विटांचा किंवा जांभ्याचा ठेवणं, एवढं पथ्य पाळावंच लागेल. संरचनेच्या हिशेबासाठी आयएस १५९१२ ही बांबू बांधकामाची संहिता उपलब्ध आहे.

सर्वांत अवघड आक्षेप तिसरा. तुम्ही शहरात स्लॅबखाली राहणार आणि आम्हाला बांबू सांगणार का, असं वाडीवरचा माणूस विचारील. या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. स्लॅब ही त्याच्यासाठी प्रतिष्ठा आहे आणि ती हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून निवड त्याचीच राहावी आणि दोन्ही घरांना अनुदान सारखंच मिळावं. आणि पहिला खण त्याच्या दारात नको. तो अंगणवाडीचा, वनखात्याच्या चौकीचा, तालुक्याच्या कचेरीचा असू दे. साहेब ज्या छपराखाली बसतो, ते छप्पर कोणी कच्चं म्हणत नाही.

ही परिषद ठराव करणार असेल, तर तो लहानसाच करावा: संहितेप्रमाणे बांधलेल्या, प्रक्रिया केलेल्या बांबूला गवताच्या रकान्यातून बाहेर काढा. एवढी एक रेघ ओढली गेली, तर खण उभा करायला आपले सुतार आणि बुरूड समर्थ आहेत.