दस्तऐवजाकडून मजकुराकडे : माहिती खऱ्या अर्थाने सार्वजनिक होण्यासाठी

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वरकरणी तांत्रिक आहे. संगणकावरील निरनिराळ्या प्रकारच्या फाइलींमधून साधा मजकूर वेगळा काढणारी सॉफ्टवेअर आणि त्यांचे सार्वजनिक जीवनातील महत्त्व, असा हा विषय. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने याविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. माहिती ही विकासाची साधनसंपत्ती आहे आणि हाती असलेली साधनसंपत्ती वापरता न येणे हा अर्थशास्त्राचाच प्रश्न होय. एखादा अहवाल संकेतस्थळावर ठेवला की माहिती सार्वजनिक झाली, असे आपण मानतो. परंतु त्यातील शब्द शोधता येत नसतील, आकडे मोजता येत नसतील, मजकूर ऐकता किंवा दुसऱ्या भाषेत नेता येत नसेल, तर ती माहिती अर्धीच सार्वजनिक झाली, असे माझे प्रतिपादन आहे.

साधा मजकूर म्हणजे काय?

संगणक प्रत्येक अक्षर एका ठरावीक संकेतांकाच्या रूपात साठवतो. केवळ अशा संकेतांकांची ओळ म्हणजे साधा मजकूर. त्यात अक्षराचा आकार, रंग, समास किंवा पानाची मांडणी नसते. आपण रोज हाताळतो त्या फाइलींमध्ये मात्र मजकुराभोवती इतर माहितीचे अनेक थर असतात. मायक्रोसॉफ्ट वर्डची जुनी ‘डॉक’ फाइल द्विमान स्वरूपाची असून त्या कंपनीच्या बाहेरील सॉफ्टवेअरला ती वाचणे दीर्घकाळ कठीण होते. ‘ऑफिस २००७’ पासून आलेली ‘डॉकएक्स’ फाइल ही प्रत्यक्षात अनेक लहान फाइलींची झिप गाठोडी आहे. ‘ओपन डॉक्युमेंट’ हे खुले स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. १९९३ मध्ये अडोबी कंपनीने आणलेल्या पीडीएफला असा दर्जा २००८ मध्ये मिळाला.

मजकूर काढणारे सॉफ्टवेअर प्रथम फाइलीचा प्रकार ओळखते. त्यासाठी ते केवळ नावापुढील शेपटावर विसंबत नाही, तर फाइलीची पहिली काही चिन्हे तपासते. पीडीएफची सुरुवात टक्केवारीचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी होते. झिपची सुरुवात ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनी, म्हणजे तिचे जनक फिल कॅट्झ यांच्या आद्याक्षरांनी होते. प्रकार कळल्यावर त्या त्या स्वरूपाचे नियम जाणणारा घटक मजकूर वेगळा करतो. २००७ मध्ये सुरू झालेला ‘अपाची टिका’ हा मुक्त प्रकल्प एक हजाराहून अधिक प्रकारच्या फाइली अशा एकाच पद्धतीने हाताळतो.

या साधनांचे सामर्थ्य २०१६ मध्ये ‘पनामा पेपर्स’ प्रकरणात जगाला दिसले. सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज, एकूण २.६ टेराबाइट एवढी सामग्री शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे होती. त्यात ई-मेल, पीडीएफ, छायाप्रती असे सर्व काही होते. टिका आणि प्रतिमेतील अक्षरे ओळखणारे ‘टेसरॅक्ट’ यांच्या साहाय्याने ही सामग्री शोधण्याजोगी करण्यात आली, म्हणूनच अनेक देशांतील पत्रकारांना तीत नावे शोधता आली.

भारतीय भाषांपुढील विशेष अडचण

पीडीएफ हे मूलतः छपाईसारखी मांडणी जपणारे स्वरूप आहे. कोणते चिन्ह पानावर कोठे काढायचे हे त्यात असते. शब्द कोठे संपतो, तक्त्याचा स्तंभ कोणता, हे असेलच असे नाही. देवनागरीत ही अडचण वाढते. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी कागदावर ‘क’ च्या आधी येते, पण युनिकोडमध्ये ती ‘क’ च्या नंतर साठवली जाते. चिन्ह आणि संकेतांक यांची जुळणी फाइलीत नीट नोंदवलेली नसेल, तर पडद्यावर सुंदर दिसणारा परिच्छेद बाहेर काढल्यावर विस्कटतो.

दुसरी अडचण जुन्या फाँटांची. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही छपाईच्या व्यवहारात अनेक वर्षे असे फाँट रूढ राहिले, की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. हिंदीतील ‘कृतिदेव’ हे त्याचे परिचित उदाहरण. त्यात ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘एच, के, के, जे, आर’ अशी पाच रोमन अक्षरे असतो. अशा फाइलीत ‘भारत’ शोधल्यास तो सापडत नाही. त्यासाठी फाँटनिहाय परिवर्तक वापरावा लागतो.

तिसरी अडचण छायाप्रतीची. छापील पान स्कॅन करून ठेवले तर त्या फाइलीत अक्षर नसते, केवळ चित्र असते. तेथे अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर लागते. ‘टेसरॅक्ट’ हे मूळचे ह्यूलेट-पॅकार्डचे सॉफ्टवेअर २००५ मध्ये मुक्त झाले आणि आज ते देवनागरीसह अनेक भारतीय लिप्या वाचते. मात्र छाप फिकट असेल तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘१’ आणि ‘९’ यांत गल्लत होऊ शकते. आकडेवारीत अशी एक गल्लत संपूर्ण निष्कर्ष बदलू शकते.

खर्च कोणी सोसायचा?

येथे अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. समजा, एक अहवाल छायाप्रतीच्या स्वरूपात प्रसिद्ध झाला आणि त्यातील तक्ते पुन्हा टंकलिखित करण्यास प्रत्येक वापरकर्त्याला दोन तास लागतात. वापरकर्ते पाचशे असतील तर समाजाचे एक हजार तास खर्च होतात. मूळ तक्ता कार्यालयाच्या संगणकावर आधीच होता. तोच खुल्या स्वरूपात देण्यास कदाचित एक तासही लागला नसता. प्रसिद्ध करणाऱ्याचा वाचलेला तास त्याच्या हिशेबात दिसतो, इतरांचे हजार तास कोणाच्याच हिशेबात दिसत नाहीत. हे बाह्य खर्चाचे ठळक उदाहरण होय. शिवाय हा भार समान पडत नाही. मोठी संस्था मनुष्यबळ लावू शकते. तालुक्याच्या गावातील विद्यार्थी, लहान वृत्तपत्र किंवा ग्रामपंचायत सदस्य तेथेच थांबतो.

दृष्टिहीन वाचकाच्या बाबतीत तर हा प्रश्न खर्चाच्याही पलीकडचा आहे. पडदावाचक सॉफ्टवेअर मजकूर बोलून दाखवते; फाइलीत केवळ चित्र असेल तर त्याच्याजवळ वाचण्यासारखे काही नसते. परीक्षेची अधिसूचना अशा स्वरूपात आली, तर आपल्याच बरोबरीचा एखादा उमेदवार दुसऱ्याच्या मदतीवाचून ती जाणू शकत नाही. समान संधीचे तत्त्व येथे एका फाइलीच्या स्वरूपाशी येऊन ठेपते.

धोरणात्मक चौकट

या संदर्भात काही तरतुदी ध्यानात ठेवाव्यात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये अभिलेखांची सूची, संगणकीकरण व स्वतःहून प्रकटीकरण अपेक्षित असून, प्रसार करताना खर्चाची किफायत व स्थानिक भाषा विचारात घेण्यास सांगितले आहे. २००९ मध्ये ई-प्रशासनात भारतीय भाषांसाठी युनिकोड हे मानक ठरविण्यात आले आणि २०१० मध्ये खुल्या मानकांचे धोरण जाहीर झाले. २०१२ च्या राष्ट्रीय आकडेवारी सहभागन व उपलब्धता धोरणाने माणसाला आणि यंत्राला, दोघांनाही वाचता येईल अशा स्वरूपाचा आग्रह धरला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहितीच्या सुगम्यतेची तरतूद आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या भाषांतर मंचासारख्या उपक्रमांनाही शेवटी शुद्ध, यंत्रवाचनीय मजकूरच लागतो. ज्या भाषेतील मजकूर चित्रांत आणि जुन्या फाँटांत अडकून पडेल, ती भाषा या स्पर्धेत मागे राहील.

म्हणजे चौकट आहे; उणीव आहे ती अंमलबजावणीच्या सवयीची. मुद्रित प्रतीवर सही व शिक्का घेऊन तीच स्कॅन करून प्रसिद्ध करण्याची पद्धत अनेक कार्यालयांत रूढ आहे. डिजिटल स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने मान्यता दिलेली असल्याने केवळ सहीसाठी मजकुराचे चित्र करण्याचे कारण उरत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात असतील. आज अभ्यासक म्हणून काढलेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहा, तक्त्यातील स्तंभांची बेरीज जुळते का ते तपासा आणि मगच आकडा उत्तरात लिहा. उद्या अधिकारी म्हणून एखादे परिपत्रक काढाल, तेव्हा ते युनिकोडमध्ये असेल, त्यातील शब्द शोधता येईल आणि पडदावाचक ते वाचू शकेल, एवढे पाहा. यासाठी वेगळा निधी किंवा नवा कायदा लागत नाही. मजकूर मोकळा ठेवण्याचा निर्णय तेवढा लागतो आणि तो आपल्या टेबलावरच घ्यायचा असतो.